विंचू, इंचू आणि बोलीचा जन्म

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे हे गाव लागते. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्या पायथ्याशी ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्या, सखल भागात भाताची खाचरे आणि आगरी, कुणबी, मराठा वस्तीची गावे, असा हा मुलूख आहे. येथे चार वाटांनी आलेली माणसे एकत्र जमली, की एकाच शब्दाची दोन-दोन, तीन-तीन रूपे कानावर पडतात. कोणी 'पाणी' म्हणतो, कोणी 'पानी'. एकाच्या तोंडी 'डोळा' तर दुसऱ्याच्या तोंडी 'डोला'. लाकडाच्या मोळीतून निघतो तो एकाचा 'विंचू' असतो, दुसऱ्याचा 'इंचू'.

यांतले बरोबर कोणते, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी उत्तर देतील, की पुस्तकात छापलेले ते शुद्ध आणि बाकीचे अपभ्रष्ट. म्हणजे मूळ शब्द 'विंचू' हा होता. अडाणीपणामुळे किंवा आळसामुळे तो मोडला आणि त्याचा 'इंचू' झाला. हे उत्तर इतक्या वेळा ऐकू येते, की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. पण भाषा ही देखील निरीक्षणाची गोष्ट आहे. खडकाचे थर किंवा पानांच्या शिरा पाहून आपण जसे अनुमान काढतो, तसे शब्दांवरूनही काढता येते. तेव्हा हे उत्तर आपण तपासू या.

चुकांना नियम असतो काय?

आळसाने होणाऱ्या चुका कशाही होतात. घाईत लिहिलेल्या वहीत एके ठिकाणी काना राहतो, दुसरीकडे वेलांटी चुकते; त्यांत संगती नसते. 'इंचू' ही जर तशीच चूक असेल, तर बोलीतील इतर शब्दांतही अशीच अव्यवस्था दिसावयास हवी.

आता पुढील जोड्या पाहा. विंचू – इंचू, विस्तव – इस्तू, विहीर – इहीर, वीट – ईट, वीस – ईस, वेळ – येळ, वेगळा – येगळा. आणि लगेच हे शब्दही घ्या : वाघ, वाट, वारा, वड, वरण. यांचे बोलीत काय होते? काहीच होत नाही. वाघाला 'आघ' म्हणणारा किंवा वाटेला 'आट' म्हणणारा माणूस तुम्हांला अख्ख्या कर्जत तालुक्यात सापडणार नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की नियम आपोआप दिसू लागतो. शब्दाच्या आरंभी 'व' असून त्याच्यापुढे इ, ई किंवा ए हा स्वर आला, तरच तो 'व' जातो. पुढे अ किंवा आ असेल तर तो जागचा हलत नाही.

असे का व्हावे, याचे कारण तोंडाच्या रचनेत आहे. आरशासमोर उभे राहून 'वा' आणि 'वी' हे दोन उच्चार सावकाश करा. 'व' म्हणताना ओठ जवळ येतात. 'आ' साठी जबडा नुसता खाली येतो. पण 'ई' आणि 'ए' यांसाठी ओठ फाकावे लागतात आणि जीभ पुढे उचलली जाते. म्हणजे 'वी' म्हणताना ओठांना लागोपाठ दोन उलट कामे करावी लागतात. यांतले पहिले काम काही पिढ्यांनी सोडून दिले, आणि 'ए' च्या आधी जिभेने स्वतःचा 'य' आणून बसवला. 'येळ' हा शब्द असा झाला.

दुसरा नियम आगरी आणि कोळी बोलींतला. घोड्याला तेथे 'घोरा' म्हणतात, गाडीला 'गारी'. 'ड' चा 'र' झाला. पण त्याच माणसाचा 'डोला' मात्र 'रोला' होत नाही. का? कारण 'घोडा', 'गाडी' यांतला 'ड' दोन स्वरांच्या मध्ये सापडला आहे. 'डोला' मधला शब्दाच्या तोंडाशी आहे. हा भेद कोणी शाळेत शिकवलेला नाही, कोठल्या व्याकरणात वाचून कोणी पाठ केलेला नाही. तरी चार वर्षांचे पोर तो न चुकता पाळते. जे नियमाने घडते त्याला चूक म्हणता येत नाही. त्याला भाषेतील बदल म्हणतात. तेव्हा खरा प्रश्न असा, की हे बदल कधी आणि कशावर झाले? बोली पुस्तकी मराठीतून निघाली, की दोघी आणखी कशातून निघाल्या?

कोंडाण्याच्या दगडावरील चार शब्द

या प्रश्नाचा एक पुरावा याच तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेण्यांत आहे. उल्हास नदीच्या खोऱ्यातील ही बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे : 'कण्हस अंतेवासिना बलकेन कतं'. अर्थ असा, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. एवढेच. कारागिराने आपले आणि आपल्या गुरूचे नाव मागे ठेवले.

या चार शब्दांकडे नीट पाहा. संस्कृतात हेच वाक्य लिहावयाचे तर 'कृष्णस्य', 'कृतम्' असे शब्द येतील. कोंडाण्याच्या कारागिराच्या तोंडी ते राहिलेले नव्हते. 'कृष्ण' चा 'कण्ह' झाला होता, आणि तोच पुढे आपला 'कान्हा' आणि 'कान्होबा' झाला. 'कृतम्' चे 'कतं' झाले होते. पुढे त्यातला 'त' ही गळाला, मागे राहिलेल्या भागाला 'इल्ल' हा प्राकृत प्रत्यय लागला आणि त्यातून 'केलें' निघाले. 'कण्हस' यातला शेवटचा 'स' तुम्ही आजही वापरता. 'रामास', 'कान्हास' असे लिहिताना जो 'स' आपण चतुर्थीचा म्हणून शिकतो, तो मूळचा याच जुन्या षष्ठीच्या प्रत्ययातून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आणि 'बलकेन' मधील 'एन'? श्रवणबेळगोळच्या प्रसिद्ध लेखात 'चावुण्डराजें करवियलें' असे शब्द आहेत. तेथे 'एन' चा 'एं' झालेला दिसतो. बलकेन, राजें आणि आजचे 'राजाने' यांतून वाक्याचा कर्ता सांगण्याची एकच रीत दोन हजार वर्षे चालत आली आहे.

ही कोंडाण्याची भाषा म्हणजे प्राकृत. ती आजची मराठीही नव्हे आणि आजची आगरी किंवा ठाकरीही नव्हे. सातवाहनांच्या काळी नाणेघाटापासून कार्ल्यापर्यंत आणि खाली कोकणात लेणी कोरणाऱ्या, दान देणाऱ्या, व्यापार करणाऱ्या लोकांची ती लिहिण्याची भाषा होती. प्राकृताचे एक वळण पुढे महाराष्ट्री प्राकृत म्हणून नावारूपाला आले. तिच्यातून अपभ्रंश आणि त्यातून मराठी, असा क्रम फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात एकेका ध्वनीचा माग काढून दाखवला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्या ग्रंथाचे मराठी भाषांतर १९४१ मध्ये प्रसिद्ध केले.

मराठीचे अगदी आरंभीचे लेखही रायगड जिल्ह्यातच सापडावेत, हा योगायोग मोठा सुखद आहे. अलिबागजवळच्या अक्षी येथील शिलालेखावरील शक ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा शं. गो. तुळपुळे यांनी वाचला. त्या वाचनाबद्दल मतभेद आहेत. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरच्या ताम्रपटाचा शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०. ज्ञानेश्वरी आणि महानुभावांचे गद्य यांच्या दोनशे वर्षे आधी कोकणच्या किनाऱ्यावर मराठी लिहिली जात होती. पुढे मात्र लेखणी घाटावर गेली. गोदावरीकाठी ग्रंथ झाले, मग पुण्यात राजदरबार आला, इंग्रजी अमलात व्याकरणे आणि शालेय पुस्तके झाली, आणि घाटावरील, त्यातही पुण्याकडील शिष्टांचे वळण हे प्रमाण ठरले. म्हणजे प्रमाण मराठी हीदेखील एका काळच्या एका भागातील बोलीच. तिला पाटी, पुस्तक आणि कचेरी मिळाली एवढाच फरक.

कोण जुने, कोण नवे

मग बोली अधिक जुनी काय? काही अभिमानी मंडळी तसे सांगतात. तेही तपासून घ्यावे हे बरे.

'फळ' हा शब्द घ्या. संस्कृतात तो 'फल' आहे, आणि आगरीतही 'फल'. मग आगरीने संस्कृत रूप जपले असे म्हणावयाचे काय? घाई करू नका. संस्कृत 'काल' म्हणजे समय. त्यापासून मराठीत 'काळ' झाला. पण 'कल्य' या संस्कृत शब्दापासून प्राकृतात 'कल्ल' आणि त्यापासून मराठीत 'काल' झाला, म्हणजे आजच्या आधीचा दिवस. एकट्या 'ल' चा 'ळ' झाला आणि जोड 'ल्ल' चा साधा 'ल' झाला, असा हा स्वच्छ नियम आहे. 'मूल' चे 'मूळ', पण 'गल्ल' चा 'गाल'. आता आगरीत पाहा : काळ आणि काल या दोहोंचा उच्चार 'काल'. जर आगरीने संस्कृतातला 'ल' जसाच्या तसा राखला असता, तर शेजारच्या सर्व मराठी बोलींत 'ळ' आणि आगरीतच तेवढा जुना 'ल', असे विचित्र चित्र मानावे लागले असते. त्यापेक्षा सरळ उलगडा असा, की पूर्वी येथेही 'ळ' होता आणि पुढे तो 'ल' मध्ये मिसळला. वऱ्हाडात त्याच 'ळ' चा 'य' झाला : डोळ्याला तेथे 'डोया' म्हणतात. डोळा, डोला, डोया यांपैकी येथे पुस्तकी मराठीनेच जुने रूप राखले आणि बोली बदलल्या.

आता उलट उदाहरण. खेड्यातला माणूस 'म्या सांगितलं' म्हणतो आणि शहरातली पोरे हसतात. संस्कृत 'मया' म्हणजे 'माझ्याकडून, मी'. त्याचे प्राकृतात 'मए', जुन्या मराठीत 'मियां', 'म्यां'. 'मी' हे रूप 'जातो', 'बसतो' अशा वाक्यांसाठी आणि 'म्यां' हे 'केलें', 'सांगितलें' अशा वाक्यांसाठी, असा भेद जुन्या मराठीत काटेकोर होता. प्रमाण मराठीने तो भेद टाकला आणि दोन्हीकडे 'मी' च ठेवला. ज्याला आपण हसतो ते रूप ज्ञानेश्वरांच्या काळचे आहे. मोडतोड झाली ती पुस्तकी भाषेत!

अनुस्वारांचेही तसेच. पूर्वी 'केलें', 'घरांत', 'कोठें' असे नाकात बोलले जाई आणि तसे लिहिले जाई. प्रमाण मराठीच्या बोलण्यातून ते नाकातले उच्चार गेले, आणि १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते अनुस्वार लिहिण्यातूनही काढले. चित्पावनी बोलीत आणि दक्षिण कोकणातील बोलींत हे उच्चार आजही ऐकू येतात. तेव्हा कोणतीही एक बोली सर्वच बाबतींत जुनी नसते. एकाच आईच्या मुलींनी घरातील दागिने वाटून घ्यावेत, कोणी काही मोडून नवे घडवावे, तसा हा प्रकार आहे. मात्र कोणत्या मुलीकडे काय राहिले हे प्रत्येक दागिना हातात घेऊनच पाहावे लागते.

झाड की लाट?

एका भाषेच्या अनेक बोली होतात कशा, यासाठी एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडितांनी दोन चित्रे पुढे ठेवली. औगुस्ट श्लायखर याने झाडाचे चित्र काढले : खोड एक, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. लोक एकमेकांपासून दूर गेले की भाषेची फांदी फुटते. त्याचाच शिष्य योहानेस श्मिट याने १८७२ मध्ये दुसरी कल्पना मांडली. तळ्यात खडा टाकला की तरंग उठतो आणि पसरत जातो. तसा एखादा नवा उच्चार एका ठिकाणी उठतो आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांतून पसरतो. दुसऱ्या ठिकाणी दुसरा खडा पडतो. दोन्ही तरंग एकमेकांवरून जातात, म्हणून एका गावात एका ठिकाणचा 'ळ' आणि दुसऱ्या ठिकाणचा 'व' असे मिश्रण दिसते.

कशेळ्याच्या आसपास ही दोन्ही चित्रे खरी ठरतात. सह्याद्रीचा कडा हा तरंगाला अडवणारा बांध. वर मावळ, खाली कोकण. सरळ रेषेत अंतर थोडे, पण मधली चढण मोठी. तथापि बांधाला भोके असतातच. खांडसवरून भीमाशंकरास चढणाऱ्या वाटा, राजमाचीची वाट, बोरघाट, यांतून मीठ, भात, बैल आणि नवऱ्या मुली खाली-वर होत आल्या, आणि त्यांच्याबरोबर शब्दही. (नवरी मुलगी ही बोलींच्या प्रसाराची फार मोठी वाहक आहे; तिचे नाव मात्र कोणत्याच सिद्धान्ताला दिलेले नाही.) पश्चिमेकडून किनाऱ्याचे शब्द आले. वसईला १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते, आणि आपण 'बटाटा', 'साबण', 'बादली', 'चावी' म्हणतो ते शब्द मूळचे त्यांचे.

आणि काही वेळा सबंध माणसेच येतात. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. तो स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने तयार केला होता. त्यात कोकणच्या मराठीखाली कुणबी, आगरी, कोळी, ठाकरी, काथोडी, वारली अशा बोलींचे नमुने दिले आहेत. त्यांतील ठाकरी ही आसपासच्या कोकणी मराठीला अगदी जवळची. परंतु काथोडी, म्हणजेच कातकरी, तिच्या शेजारी ठेवली की कान टवकारतात. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून हे कातकरी. त्यांच्या बोलीत संबंध दाखवताना 'चा, ची' च्या जोडीला 'ना, नी' हाही प्रत्यय येतो. हा 'ना' कोकणातल्या मराठीचा नव्हे. तो अहिराणीत आहे, जेथे 'माझा' ला 'मना' आणि 'तुझा' ला 'तुना' म्हणतात; आणि गुजरातीत 'नो, नी, नुं' या रूपात आहे. कातकरी लोक सुरतेच्या बाजूने, उत्तरेकडून कोकणात उतरले असावेत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. त्यांनी लिहून ठेवलेला इतिहास नाही, ताम्रपट नाही, बखर नाही. पण एक अक्षरी प्रत्यय त्यांच्या वाटचालीची साक्ष देतो. येथे येऊन पिढ्यान्पिढ्या मराठी शेजारात राहिल्यावर त्या बोलीवर मराठीचा थर चढत गेला, तरी खालचा थर पुसला गेला नाही.

असे जगात इतरत्र घडले आहे काय? युरोपात आल्प्स पर्वताच्या उत्तर पायथ्याशी बव्हेरिया हा प्रांत आहे. तेथील बव्हेरियन बोली बहुतेक ऑस्ट्रियात आणि इटलीच्या दक्षिण टिरोल भागातही बोलली जाते. या लोकांचे नाव इतिहासात प्रथम सहाव्या शतकात येते. पूर्वी असे मानीत, की एक अखंड टोळी बोहेमियातून आली आणि तिने आपली तयार बोली बरोबर आणली. आता अभ्यासकांचा कल वेगळा आहे. रोमन सत्ता उठून गेल्यावर डॅन्यूब नदी आणि आल्प्स यांच्यामध्ये निरनिराळे लोक एकत्र वसले आणि त्यांच्या एकत्र राहण्यातून लोक आणि बोली दोन्ही तेथेच घडल्या, असे ते मानतात. तेथेही ध्वनिबदल नियमानेच झाले. इंग्रजीत दहाला 'टेन' म्हणतात आणि जिभेला 'टंग'. जर्मनच्या दक्षिणी बोलींत आणि त्यांच्यावरून घडलेल्या प्रमाण जर्मनमध्ये आरंभीच्या 'ट' चा 'त्स' झाला : 'त्सेन', 'त्सुंग'. आपल्या विंचू-इंचू सारखीच ही जोडी. आणि 'म्या' ची बहीणही तेथे आहे. संस्कृतातल्याप्रमाणे जुन्या जर्मन भाषांत 'तुम्ही दोघे' असे सर्वनामाचे द्विवचन होते. प्रमाण जर्मनने ते केव्हाच टाकले. बव्हेरियन खेड्यांत मात्र 'एंक' हा शब्द राहिला. मूळचा तो 'तुम्हां दोघांना', आता नुसता 'तुम्हांला'. बर्लिनचा माणूस त्याला हसत असेल तर नवल नाही.

वर्गातला इंचू

हे सर्व वाचून शिक्षक म्हणतील, की ठीक आहे. पण परीक्षेत मुलाने 'इहीर' लिहिले तर गुण द्यावेत काय? नाही, देऊ नयेत. लिहिण्याची एक ठरलेली भाषा असणे सोयीचे आहे. नागपूरचे पत्र कर्जतला कळावे यासाठी ती लागते. पण लिहिण्याचा नियम शिकवणे वेगळे आणि बोलणाऱ्याला गप्प करणे वेगळे.

कातकरवाडीतले मूल सहाव्या वर्षी पहिलीत येते तेव्हा ते कोरी पाटी घेऊन येत नाही. वर सांगितलेले सर्व नियम, शिवाय आपण न सांगितलेले शेकडो, त्याच्या डोक्यात पक्के असतात. पहिल्याच आठवड्यात दर वाक्याला 'असे नव्हे, असे म्हण' असे झाले, की ते हुशारीने एक निष्कर्ष काढते : बोललेच नाही तर चूक होत नाही. मग ते बोलत नाही. वर्षअखेरीस त्याच्या नावापुढे 'मंद' असा शेरा पडतो, आणि पुढच्या हंगामात आईबापांबरोबर ते वीटभट्टीवर गेले की पट कमी झाल्याचे कोणाला विशेष वाईटही वाटत नाही. महाराष्ट्रातील तीन अतिमागास म्हणून नोंदलेल्या आदिम जमातींपैकी कातकरी ही एक आहे. तिच्या मुलांच्या बाबतीत ही हानी साधी नाही.

याला खर्चाचा उपाय लागत नाही. फळ्यावर दोन रकाने आखावेत : 'आपण बोलतो' आणि 'पुस्तकात लिहितात'. इंचू–विंचू, ईस–वीस, येळ–वेळ अशा दहा जोड्या मुलांकडूनच काढून घ्याव्यात, आणि नियम त्यांनाच शोधावयास लावावा. ज्याच्या घरी ही बोली आहे तो या तासाला सर्वांत पुढे असतो. शिवाय नियम एकदा सापडला, की लिहिताना 'व' कोठे घालावयाचा हे त्याला एकेक शब्द न घोकता कळते. शुद्धलेखन सुधारते ते असे.

बोलीत नुसते उच्चार नसतात, माहितीही असते. पहिल्या पावसात रानात शेवळ उगवतात. ही सुरणाच्या कुळातली भाजी. तिच्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि नुसती शिजवून खाल्ली तर घसा खाजतो. म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळे घालतात. शेवळ आणि काकड हे दोन शब्द माहीत असणाऱ्या मुलीला वनस्पतिशास्त्राचा आणि रसायनशास्त्राचा एकेक धडा आधीच आलेला असतो. राब, दळी, वरकस हे शब्दही तसेच. राब म्हणजे भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमिनीवर पालापाचोळा जाळून ती भाजणे. पुस्तकी मराठीत याला एक शब्द नाही. एक वाक्य लागते.

बोलींचा नकाशा करू या

१८७६ मध्ये गेऑर्ग वेंकर या जर्मन तरुणाने काही साधी वाक्ये छापून ऱ्हाईन नदीकाठच्या गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली आणि ती आपल्या गावच्या बोलीत लिहून परत पाठवा अशी विनंती केली. पुढे हे काम इतके वाढले, की चाळीस हजारांहून अधिक गावांतून उत्तरे आली. भाषांचा पहिला मोठा नकाशासंग्रह हा असा शिक्षकांच्या हातून तयार झाला. आपल्याकडे अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींचे पुस्तकवार वर्णन केले. त्यांतील महाडच्या कुणबीवरील पुस्तक १९६६ चे आणि ठाण्याच्या वारलीवरील १९६९ चे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही अलीकडे मराठी बोलींची नवी पाहणी करून बोलणाऱ्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आहेत. पण एका तालुक्याचा बारीक नकाशा तेथील शाळाच करू शकते.

तालुक्याच्या कोऱ्या नकाशाच्या दहा प्रती काढा. दहा शब्द निवडा : विंचू, विस्तव, वेळ, पाणी, लोणी, डोळा, काळा, घोडा, 'मी केले' आणि 'माझे घर'. प्रत्येक शब्दाला एक नकाशा. निरनिराळ्या गावांतून आणि वाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील साठीच्या पुढच्या दोन माणसांना विचारावे. विचारताना शब्द स्वतः उच्चारू नये. 'विंचवाला काय म्हणता' असे विचारले की समोरचा आपला शब्द आदराने परत करतो. चित्र दाखवावे, किंवा 'मोळीतून निघतो, नांगी मारतो, तो कोण?' असे विचारावे. उत्तर ऐकले तसे लिहावे, सुधारून लिहू नये. व्यक्तीचे वय, आणि बाई असल्यास तिचे माहेरचे गाव, ही नोंद अवश्य करावी. अन्यथा खांडसच्या नकाशावर मुरबाडचा उच्चार जाऊन बसेल.

मग ज्या गावांत 'डोळा' तेथे लाल ठिपका, जेथे 'डोला' तेथे निळा. भूगोलाच्या पुस्तकात सारख्या पावसाची ठिकाणे जोडणारी समपर्जन्यरेषा असते. तशी लाल आणि निळ्या ठिपक्यांच्या मधून जाणारी रेषा काढा. भाषाशास्त्रात तिला समभाषारेषा म्हणतात. दहाही नकाशे खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहा. ज्या रेषा एके ठिकाणी गोळा होतात तेथे नदी आहे, डोंगर आहे, जुनी सरहद्द आहे, की एका समाजाची वस्ती संपते, हे शोधा. काही रेषा कोठेच गोळा होणार नाहीत; एक उल्हास नदीच्या बाजूने जाईल, दुसरी भलतीकडेच. त्या खोडू नका. वेंकरच्या नकाशावर 'करणे' या शब्दाची रेषा आणि 'मी' या शब्दाची रेषा ऱ्हाईनजवळ पोहोचल्यावर वेगळ्या झाल्या होत्या, आणि पुढे कित्येक वर्षे अभ्यासकांनी सर्वांत जास्त विचार केला तो त्याच ठिकाणाचा.